गरज सरल्यावर

दिवाळीच्या चार दिवसांत आपल्याकडे ताटांची जेवढी ये-जा होते, तेवढी उरलेल्या वर्षात मिळून होत नसेल. एका घरचा फराळ दुसऱ्या घरी जातो, आणि ताट परत येते ते रिकामे येत नाही. करंजीच्या जागी चकली येते, चकलीच्या जागी अनारसा येतो; घरात काहीच उरले नसेल तर चिमूटभर साखर तरी त्यात घालून दिली जाते. लग्नकार्यासाठी शेजारच्या घरून आणलेले घंगाळ असो किंवा अडीअडचणीला मागून नेलेले पातेले असो, ते घासून-पुसून, शक्य तर काहीतरी घालूनच परत करायचे, ही रीत आहे. ती कोणत्याही कायद्यात लिहिलेली नाही. ती मोडली म्हणून कोणी कोर्टात खेचत नाही. पण ती मोडणाऱ्या घराचे नाव आळीत फार दिवस चांगले राहत नाही.

या लहानशा रीतीच्या पोटात एक मोठा नीतिविचार आहे. आपण दुसऱ्याची वस्तू मागून आणतो तेव्हा वस्तूबरोबर त्याचा विश्वासही घरी आणलेला असतो. वस्तू जशीच्या तशी परत केली तरी त्या विश्वासाचे देणे उरते. साखरेची चिमूट ही त्या उरलेल्या देण्याची पोच असते.

पण आपल्याच भाषेत याच्या नेमकी उलट अशी एक म्हणही आहे: गरज सरो नि वैद्य मरो. ज्या समाजाने ताट रिकामे न पाठवण्याची रीत घालून दिली, त्याच समाजाला ही म्हण बनवावी लागली. कारण गरज असताना माणूस जेवढा नम्र असतो तेवढा तो गरज सरल्यावर राहत नाही, हेही त्याने पाहिलेले होते. घंगाळाच्या बाबतीत या दोहोंपैकी काय खरे ठरते हे आळी पाहते. परंतु उसने घेतलेले घंगाळ नसून शेतकऱ्याचे वावर असेल, आणि घेणारा शेजारी नसून सरकार असेल, तर काय? या प्रश्नाला वर्ध्यात एकदा उत्तर दिले गेले होते. त्या उत्तराची आठवण करून देण्यासाठी हा लेख आहे.

* * *

१९४२ सालचा आरंभ आठवावा. ८ मार्चला रंगून पडले. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात कोलंबोवर, आणि मग विशाखापट्टणम् व काकीनाडा येथे जपानी बाँब पडले. हिंदुस्थानचा पूर्व किनारा उघडा होता, आणि विमाने उतरवायला पुरेसे तळ नव्हते. मग अक्षरशः रात्रीचा दिवस करून देशभर विमानतळ बांधायला सुरुवात झाली. दीड-दोन वर्षांत अशा तळांची संख्या दोनशेच्या पुढे गेली. काही आसाम-बंगालात झाले, काही मद्रासेकडे, काही आपल्याकडे. गोंदियाजवळ बिरसीला धावपट्टी झाली, अकोल्याला झाली, कल्याणजवळ नेवाळीला झाली. नागपूरचा सोनेगाव तळ लष्करी विमानांच्या वाटेवरचा मुक्काम बनला.

विमानतळाला जागा किती लागते? त्या काळच्या जड बाँबफेकी विमानांसाठी मुख्य धावपट्टी दोन हजार यार्ड लांब आणि पन्नास यार्ड रुंद धरीत. म्हणजे एक लाख चौरस यार्ड. एकराचे ४,८४० चौरस यार्ड होतात, तेव्हा ही धावपट्टी प्रत्यक्षात वीस-एकवीस एकरांतच बसते. पण विमान उतरते त्या पट्टीच्या भोवती विमाने उभी करायला जागा लागते, ती बाँबहल्ल्यात एकदम जळू नयेत म्हणून दूर-दूर उभी करावी लागतात. दारूगोळा वस्तीपासून लांब ठेवावा लागतो. पेट्रोलच्या टाक्या, छावण्या, रस्ते हे सगळे आले. उतरण्याच्या वाटेत झाड नको, घर नको. अशा रीतीने वीस एकरांच्या पट्टीपायी शेकडो, कधी हजाराच्या वर एकर जमीन जाते. वामनानेही आरंभी तीन पावलेच मागितली होती.

आणि जमीन जाते म्हणजे काय होते? मालकाचे नाव बदलते, इतकेच होत नाही. वर्ध्याकडे ज्याला धुरा म्हणतात आणि कोकणाकडे बांध म्हणतात, तो शेताच्या कडेचा मातीचा वरवंटा आधी सपाट केला जातो. भाताच्या खाचरात तर बांध हेच शेत असते. तो नसेल तर पाणी उभे राहत नाही आणि पाणी नसेल तर भात नाही. एकेक बांध आजा-पणजाच्या हातचा असतो. मग वरची काळी माती खरवडून बाजूला लोटतात, कारण तिच्यावर रूळ बसत नाही. विहिरी बुजवतात. आंबा, चिंच, बाभूळ तोडतात. मुरूम पसरतात, खडी पसरतात, वरून रूळ फिरवतात, काँक्रीट ओततात. खडी फोडणारे आणि घमेली वाहणारे हात बहुतेक ठिकाणी आसपासच्या गावांतल्याच बाया-माणसांचे असत. ज्याचे शेत गेले त्याच्याच घरातल्या माणसाने रोजावर त्या शेताची धावपट्टी केली, असे पुष्कळ ठिकाणी झाले असेल.

हे सगळे भारत संरक्षण नियमांखाली होत होते. युद्धाच्या गरजेसाठी जमीन किंवा इमारत तात्पुरत्या ताब्यात घेण्याचा अधिकार सरकारला त्या नियमांनी दिला होता. ‘तात्पुरता’ हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. त्याच्याकडे आपण पुन्हा येऊ.

* * *

त्याच वर्षी ६ ते १४ जुलै या दिवसांत काँग्रेसच्या कार्यकारिणीची बैठक वर्ध्याला भरली. इतिहासात ती प्रसिद्ध आहे ती ‘भारत छोडो’च्या ठरावामुळे. १४ जुलैला तो मंजूर झाला, पुढे ८ ऑगस्टला मुंबईत त्यावर शिक्कामोर्तब झाले, आणि दुसऱ्याच पहाटे सगळे नेते तुरुंगात गेले. या मोठ्या ठरावाच्या सावलीत त्याच बैठकीतला आणखी एक ठराव झाकून गेला. तो विमानतळांसाठी आणि लष्करी कामांसाठी गावे व जमिनी रिकाम्या करून घेण्याविषयी होता. पुरेशी सूचना न देता, योग्य भरपाई न देता लोकांना उठवले जात आहे अशा तक्रारी आल्या होत्या. त्यावर लोकांनी काय करावे हे त्यात सांगितले होते.

त्या ठरावातला तपशील वाचताना मन थक्क होते. जमिनीची किंमत ठरवताना नुसत्या जमिनीची नव्हे, उभ्या पिकाचीही किंमत धरावी. शेतकऱ्याला दुसरीकडे जाताना पडणारा त्रास, खर्च आणि नवी जमीन मिळेपर्यंत लागणारा वेळ यांचाही हिशेब करावा. शक्य तेथे जमिनीच्या बदल्यात जमीनच द्यावी, ती नसेल तेव्हाच पैसे द्यावे. झाडे, विहिरी, पाण्याचे पाट यांची भरपाई वेगळी करावी. बहुतेक जमीन घेऊन उरलेला तुकडा कसण्याजोगा राहत नसेल, तर तोही घ्यावा. सगळी जमीन गेली आणि नुसते घर उरले, तर मालकाची इच्छा असल्यास घराचेही पैसे द्यावे. भरपाई लवकर द्यावी, आणि ती जबाबदार अधिकाऱ्याने जागेवर येऊन द्यावी; शेतकऱ्याला जिल्ह्याच्या ठिकाणी खेपा घालायला लावू नयेत. ज्यांनी आयुष्यात एकदा तरी मामलेदार कचेरीच्या व्हरांड्यात दुपार काढली आहे, त्यांना या शेवटच्या कलमाची किंमत कळेल.

आमच्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत मोलाचे कलम तात्पुरत्या घेतलेल्या जमिनीचे आहे. जमीन काही काळापुरतीच घेतली असेल, तर बुडालेल्या दर पिकाची पूर्ण किंमत आणि वर शेकडा पंधरा द्यावे. आणि ताबा संपल्यावर जमीन पूर्वीसारखी शेतीयोग्य करण्याचा खर्चही द्यावा.

फराळाच्या ताटाची रीत येथे सरकारी भाषेत उतरली आहे. ताट परत करायचे, घासून-पुसून करायचे, आणि वर शेकडा पंधराची साखर घालून करायचे.

कोणी म्हणेल, स्वातंत्र्याच्या शेवटच्या लढ्याला निघालेल्या माणसांनी विहिरी आणि पाट मोजत बसावे, हे विचित्रच. मला ते विचित्र वाटत नाही. ही माणसे युद्धाची गरज नाकारणारी नव्हती. याच वर्ध्यात, जून १९४० मध्ये, कार्यकारिणीने मोठ्या दुःखाने गांधीजींना सांगितले होते की, देशाच्या संरक्षणाच्या बाबतीत अहिंसेच्या वाटेवर शेवटपर्यंत त्यांच्याबरोबर येणे आम्हाला शक्य नाही. आणि १९४२ च्या ‘चले जाव’ म्हणणाऱ्या ठरावातसुद्धा जपानला अडवण्यासाठी दोस्तांच्या फौजा या भूमीवर राहण्यास संमती होती. तेव्हा त्यांचे म्हणणे ‘विमानतळ नको’ असे नव्हते. विमानतळ हवा असेल तर घ्या, पण ज्याच्या शेतावर तो होतो आहे तोही माणूस आहे हे विसरून घेऊ नका, असे त्यांचे म्हणणे होते. देशाचे संकट मोठे असले तरी त्याचा सगळा भार ज्याचे शेत सपाट माळावर आहे त्याच्याच डोक्यावर का यावा? जमीन सपाट असणे हा काही गुन्हा नव्हे.

ठराव झाला आणि महिन्याच्या आत तो करणारे गजाआड गेले. वर्धा जिल्ह्यातल्या आष्टीत १६ ऑगस्टला रक्त सांडले. त्या धामधुमीत झाडांची आणि विहिरींची यादी कोण करणार? ठराव कागदावर राहिला. धावपट्ट्या मात्र जमिनीवर झाल्या.

* * *

नेवाळीची गोष्ट घ्या. मलंगगडाच्या पायथ्याशी, ठाणे जिल्ह्याच्या अंबरनाथ तालुक्यात हे गाव आहे. १९४२ च्या सुमारास येथल्या आणि आसपासच्या गावांच्या सुमारे सोळाशे एकर जमिनीवर विमानतळ झाला. त्याचे आयुष्य युद्धाएवढेच. १९४५ मध्ये युद्ध संपले आणि धावपट्टीचे कामही संपले. विमाने गेली. काँक्रीटच्या पट्ट्या राहिल्या, त्यांच्या भेगांतून गवत उगवले. भोवतालच्या जमिनीत लोकांनी पुन्हा पेरणी सुरू केली. एक पिढी गेली, दुसरी आली.

पुढे या जागेची किंमत वाढत गेली. मुंबई परिसराला दुसरा विमानतळ हवा तेव्हा पर्यायी जागांत कल्याणचे नाव निघाले. आणि मग २०१७ साली नौदलाने आपल्या ताब्यातील जमिनीला कुंपण घालायला सुरुवात केली. २२ जून २०१७ रोजी शेतकऱ्यांचे आंदोलन पेटले. रस्ते अडले, पोलिसांच्या गाड्या जळाल्या, छर्ऱ्यांच्या बंदुका चालल्या. शेतकरी जखमी झाले आणि पोलीसही जखमी झाले.

शेतकऱ्यांचे म्हणणे सरळ होते: आमच्या आज्यांकडून ही जमीन युद्धापुरती घेतली होती, युद्ध संपल्यावर ती परत मिळायची होती. संरक्षण खात्याचे म्हणणेही सरळ होते: ही जमीन महायुद्धाच्या काळापासून संरक्षण खात्याची आहे, आणि आपल्या जमिनीला कुंपण घालण्याचा आपल्याला हक्क आहे. कागद कोणाच्या बाजूने बोलतात हे ठरवण्याचे काम माझे नाही. गाड्या जाळणेही कोणत्याच नीतीत बसत नाही. पण पंचाहत्तर वर्षांपूर्वीच्या एका शब्दासाठी नातवंडे रस्त्यावर उतरतात, तेव्हा तो शब्द त्या घरांतून किती जपून ठेवला गेला असेल याचा विचार करावा. सरकारच्या दृष्टीने ते एक जुने प्रकरण असते. घराच्या दृष्टीने ते आजीने सांगितलेले असते.

* * *

आता ‘तात्पुरता’ या शब्दाकडे येऊ.

आपल्या धर्मविचारात आपद्धर्म म्हणून एक मोठे प्रकरण आहे. महाभारताच्या शांतिपर्वात त्यासाठी स्वतंत्र उपपर्वच आहे. त्यातली विश्वामित्राची कथा पुष्कळांना ठाऊक असेल. बारा वर्षांचा दुष्काळ पडलेला. भुकेने व्याकूळ झालेला विश्वामित्र रात्री एका चांडाळाच्या झोपडीत शिरतो आणि कुत्र्याची तंगडी उचलू लागतो. झोपडीचा मालक जागा होतो आणि उलट ऋषीलाच धर्म सांगू लागतो. ऋषी म्हणतो, आधी जगले पाहिजे. जगलो तर धर्म आचरता येईल. वाद ऋषी जिंकतो की नाही हे बाजूला ठेवू. या कथेत दोन गोष्टी मला महत्त्वाच्या वाटतात. एक, विश्वामित्राने आपण करतो ते योग्यच आहे असा टेंभा मिरवला नाही. आलेला दोष पुढे तपाने जाळून टाकण्याचे ओझे त्याने स्वतःवर घेतले. दुसरी, पाऊस पडला. पाऊस पडल्यावर कोणी कुत्र्याची तंगडी शोधत हिंडत नाही.

आपद्धर्माला शेवट असतो, हे त्याचे लक्षणच आहे. ज्या आपद्धर्माला शेवट नाही तो आपद्धर्म नव्हे. ती नुसती सवय, आणि पुढे जाऊन नुसता लोभ. संकटाने दिलेली सूट संकटाबरोबरच संपते. किंबहुना ती सूट घेणाऱ्यानेच ती केव्हा संपली हे आधी ओळखायचे असते, कारण ज्याचे गेले तो दुबळा असतो, आणि त्याला विचारायला कोणी येत नाही.

आपल्या कायद्यालाही हे कळत होते. युद्ध संपल्यावर लष्कराच्या ताब्यातल्या जमिनींचा प्रश्न उरला, आणि १९५२ साली स्थावर मालमत्तेच्या अधिग्रहणाचा आणि संपादनाचा कायदा झाला. अधिग्रहण म्हणजे काही काळापुरता ताबा. संपादन म्हणजे कायमची मालकी. या कायद्यात एक फार सुंदर वाक्य आहे. ताबा सोडताना मालमत्ता घेतली तेव्हा जितक्या चांगल्या स्थितीत होती तितक्याच चांगल्या स्थितीत परत करावी, नेहमीची झीज आणि दैवी आपत्ती एवढेच अपवाद. घंगाळ घासून द्या, असेच हे सांगणे.

पण त्याच कायद्यात दुसरे कलमही आहे. ताब्यात असताना सरकारने स्वतःच्या खर्चाने तिथे बांधकाम केले असेल, आणि त्यावरचा सरकारचा हक्क सांभाळायचा असेल, तर ती मालमत्ता कायमची संपादन करता येईल. व्यवहाराच्या दृष्टीने हे समजण्यासारखे आहे. पण नीतीच्या दृष्टीने पाहा: तुमचे पातेले मी मागून नेले, त्याला माझ्या सोयीसाठी भोक पाडून नळ बसवला, आणि आता नळ माझा म्हणून पातेलेही माझे! आणि संपादनाची किंमत? मूळ कायद्यात दोन हिशेब होते. एक, आजची बाजारभावाची किंमत. दुसरा, ताबा घेतला त्या दिवशीच्या किमतीच्या दुप्पट. या दोहोंत जी कमी असेल ती द्यायची. म्हणजे जमिनीचा भाव दसपट झाला तरी मालकाला युद्धकाळच्या भावाची दुप्पटच. सर्वोच्च न्यायालयाने पुढे ही दुप्पटची तरतूद घटनाबाह्य ठरवली. १९७० मध्ये अधिग्रहणाला कालमर्यादा आली. ती पुन्हा पुन्हा वाढवत नेली, आणि अखेर १९८७ मध्ये ती संपली. १९८४ साली मुंबईतल्या एका सदनिकेच्या प्रकरणात, जिथे १९५१ पासून अधिग्रहण चालू होते, सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की अधिग्रहण हे स्वभावतःच तात्पुरते असते. तीस-तीस वर्षे चालवून त्याला संपादनाची जागा देता येत नाही. ‘तात्पुरता’ या साध्या मराठी शब्दाचा अर्थ सांगायला देशाच्या सर्वोच्च न्यायपीठाला बसावे लागले.

* * *

याविरुद्ध जे म्हटले जाते तेही ऐकले पाहिजे.

पहिले म्हणणे असे की, घेणारे सरकार इंग्रजांचे होते. त्यांनी दिलेल्या शब्दाला आपण का बांधले जावे? पण आपण त्यांच्याकडून रेल्वे घेतली, कचेऱ्या घेतल्या, बंदरे घेतली, आणि ती जमीनही घेतली. बापाची इस्टेट घेणाऱ्या मुलाने बापाचे कर्ज नाकारायचे नसते, हे आपल्या घरोघर ठाऊक आहे. किंबहुना, परक्या सरकारने मोडलेला शब्द आपल्या सरकारने पाळावा, यातच आपले आणि परके यांतला फरक दिसायचा.

दुसरे म्हणणे अधिक वजनदार आहे. गरज खरोखरच सरली का? वर्धा जिल्ह्यातच पुलगावचे दारूगोळ्याचे मोठे कोठार आहे. तेही महायुद्धाच्या काळात, हजारो एकरांवर उभे राहिले. युद्ध संपले म्हणून ते बंद करता आले नाही. १९४७, १९६२, १९६५, १९७१ या प्रत्येक वेळी देशाला त्याची गरज पडली. ३१ मे २०१६ च्या रात्री तिथे आग लागली, तेव्हा ती विझवताना अधिकारी, जवान आणि अग्निशमन दलाची माणसे प्राणास मुकली. अशा ठिकाणाविषयी ‘जमीन परत करा’ असे म्हणणे शहाणपणाचे होणार नाही. गोंदियाच्या बिरसीची धावपट्टीही पुढे उपयोगी पडली. तिथे वैमानिकांचे शिक्षण सुरू झाले, २०२२ मध्ये प्रवासी विमानेही उडाली. हे सगळे खरे. पण यावरून एवढेच निघते की, गरज टिकून असेल तर तसे उघड सांगावे, आणि तात्पुरत्याचे कायम करताना कायमची पूर्ण किंमत मोजावी. जुनी गरज संपली, नवी अजून जन्मली नाही, आणि मधली पन्नास वर्षे ‘कधीतरी लागेल’ म्हणून जमीन धरून ठेवायची, हे मात्र गरजेच्या नावाने चालत नाही. कधीतरी लागेल म्हणून शेजाऱ्याचे घंगाळ माळ्यावर ठेवणाऱ्याला आपण काय म्हणतो?

तिसरे म्हणणे कुत्सित असते: परत दिली तर हे लोक कुठे शेती करणार? बिल्डरला विकतील. कदाचित विकतील. पण उसने घेतलेले परत करताना मालक त्याचे काय करणार हे विचारण्याचा अधिकार उसने घेणाऱ्याला कोणी दिला? भाव वाढला तो शेतकऱ्याच्या कष्टाने नव्हे, हे खरे. तो सरकारच्या कष्टानेही नव्हे.

* * *

परत करणे इतके अवघड का जाते, हा खरा प्रश्न आहे. देणाऱ्याचे कौतुक होते, त्यागाचे पोवाडे होतात. परत करणाऱ्याला कोणी हार घालत नाही, कारण त्याने स्वतःचे असे काही दिलेलेच नसते. त्यातून घेणारा एक असतो आणि परत करायची वेळ येते तेव्हा खुर्चीवर दुसराच बसलेला असतो. त्याने शब्द दिलेला नसतो. त्याच्या हातात फक्त नकाशा आणि सात-बारा असतो. कागदावर जमीन दिसते, शब्द दिसत नाही.

इंग्लंडमध्ये हे फार स्पष्ट दिसले. डॉर्सेट परगण्यात क्रिचेल डाउन नावाचा ७२५ एकरांचा माळ आहे. १९३८ मध्ये विमानखात्याने तो बाँबफेकीच्या सरावासाठी घेतला. त्याच्या मालकांपैकी एक जण १९४० मध्ये विमानदलाच्या सेवेत असतानाच वारला. १९४१ मध्ये पंतप्रधान चर्चिल यांनी पार्लमेंटमध्ये आश्वासन दिले की, लष्करी गरज संपली की अशा जमिनी मालकांना परत मिळतील. युद्ध संपले, पण माळ परत न जाता शेतीखात्याकडे गेला. वारसांनी वर्षानुवर्षे हेलपाटे घातले, चौकशी झाली, खात्याचे वागणे उघडे पडले, आणि जुलै १९५४ मध्ये शेतीमंत्री सर टॉमस डग्डेल यांनी राजीनामा दिला. तेव्हापासून तिथे असा दंडक आला की, सक्तीने घेतलेली जमीन नको झाली तर ती आधी मूळ मालकाला विचारायची. पण त्याच डॉर्सेटमध्ये टायनम नावाचे एक खेडे आहे. डिसेंबर १९४३ मध्ये सैन्याच्या सरावासाठी तिथले लोक घरे सोडून गेले. जाताना देवळाच्या दारावर चिठ्ठी लावून गेले की, घरे जपून वापरा, आम्ही एक दिवस परत येऊ. ते कधीच परत आले नाहीत. एकाच परगण्यात एक माळ परत मिळाला आणि एक गाव मिळाले नाही. माळाच्या मागे लढायला ऐपतीचे लोक होते. गावात बहुतेक कुळे आणि मजूर होते. शब्द दोघांनाही दिलेला होता.

म्हणून नुसता शब्द पुरत नाही. वर्ध्याच्या ठरावाचे शहाणपण येथे कळते. त्याने शब्दावर भिस्त न ठेवता यादी मागितली: झाडे किती, विहिरी किती, पीक कोणते, वर शेकडा किती, पैसे कोणी आणि कोठे द्यायचे, आणि शेवटी जमीन कशी करून परत द्यायची. दया यादी करत नाही. न्यायाला ती करावीच लागते. आजही जेव्हा रस्त्यासाठी, धरणासाठी, संरक्षणासाठी जमीन घेतली जाते, तेव्हा घेण्याचा हुकूम जसा तपशीलवार असतो तसाच परतीचा हुकूमही त्याच कागदावर, त्याच दिवशी लिहिलेला असावा. गरज केव्हा संपली असे मानायचे, ते कोण ठरवणार, संपल्यावर किती महिन्यांत जमीन कोणत्या स्थितीत कोणाच्या हाती द्यायची, हे घेतानाच ठरलेले असावे. कारण घेताना सरकारलाही गरज असते, आणि गरज असतानाच माणूस खरे बोलतो.

या दिवसांत ज्या कथांची आठवण निघते त्यांत राम अयोध्येला परत आला ही एक आहे. आपण रामाच्या परतण्याचे कौतुक करतो. भरताच्या परत करण्याचे फारसे करत नाही. वास्तविक चौदा वर्षांत राज्यावर त्याचा हक्क सांगणारे शंभर युक्तिवाद सहज करता आले असते. आईने वर मागितला होता, वडिलांनी तो दिला होता, प्रजेला सवय झाली होती. कागद सगळे भरताच्या बाजूने होते. पण त्याने सिंहासनावर पादुका ठेवल्या, स्वतः नंदिग्रामात राहिला, आणि मुदत भरली त्या दिवशी राज्य रामाच्या स्वाधीन केले. देताना त्याने सांगितले की कोश, कोठारे आणि सैन्य दसपट झाले आहे, ते मोजून घ्यावे. गांधीजी सेवाग्रामात बसून ज्याला विश्वस्तवृत्ती म्हणत, तिचे याहून नेमके उदाहरण मला माहीत नाही.

भरताने चौदा वर्षे हिशेब ठेवला होता, म्हणून त्याला तो देता आला. आपल्याकडे युद्धकाळात घेतलेल्या जमिनींना ऐंशी वर्षे होऊन गेली. त्यांतल्या कोणत्या लागतात, कोणत्या लागत नाहीत, आणि न लागणाऱ्यांच्या जुन्या मालकांची घरे कोणती, ही यादी करायला आजही कोणाची हरकत नसावी. यादी झाली की निम्मा प्रश्न सुटतो. उरलेला निम्मा मनाच्या मोठेपणाचा आहे, आणि तो दर दिवाळीला ताट परत पाठवताना आपल्या घरची माणसे सोडवत असतातच.